गॅस डिटेक्टरवरचा शून्य खरा कधी मानायचा?

गॅस डिटेक्टर चालू केला की थोड्या वेळाने स्क्रीनवर चार आकडे स्थिरावतात. ऑक्सिजन २०.९ आणि बाकीचे तिन्ही शून्य. टाकीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस ते शून्य पाहतो, हवा स्वच्छ आहे असं धरतो आणि कामाला लागतो. अडचण अशी की सेन्सर निकामी झालेला असला तरी स्क्रीनवर शून्यच असतो. जाळीवर धूळ बसून भोकं बुजली असतील तरी शून्य. पावसात भिजून फिल्टरवर पाण्याचा थर धरला असेल तरी शून्य. विषारी आणि ज्वलनशील वायूंचे सेन्सर बहुधा असेच गुपचूप बिघडतात, आणि बिघडल्यावरही ‘धोका नाही’ असंच सांगत राहतात. चौघांपैकी ऑक्सिजनचा सेन्सर त्यातल्या त्यात बरा. तो थकला की बहुतेक वेळा आकडा खाली येतो आणि १९.५ च्या खाली गेला की अलार्म वाजतो, म्हणजे आपली तक्रार तो स्वतःच करतो.

म्हणून त्या दिवशी, त्याच डिटेक्टरला, प्रमाण माहीत असलेला गॅस दाखवून तो ओरडतो का हे पाहिलेलं नसेल, तर त्याच्या शून्याला मी काहीही किंमत देत नाही. ही तपासणी म्हणजे नेमकं काय, ती कशी करायची, आणि ती करताना माणसाला किंवा यंत्राला इजा कशी होऊ द्यायची नाही, हे इथे सविस्तर सांगतो.

ठाणे आणि नवी मुंबईत हा विषय आता फक्त केमिकल कंपन्यांचा राहिलेला नाही. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा पसरलेला टीटीसीचा, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीकचा, औद्योगिक पट्टा आहे, पलीकडे तळोजा आहे. तिथल्या चांगल्या कारखान्यांत ही तपासणी रोजची आहे. पण अमोनियावर चालणारी कोल्ड स्टोरेज आहेत, रस्त्याखालच्या वाहिन्यांची चेंबर आहेत, आणि घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी आहे. मे २०१९ मध्ये ठाण्यातल्या ढोकाळी भागात एका गृहसंकुलाच्या एसटीपीच्या टाकीत काम करताना तीन सफाई कामगारांचा गुदमरून जीव गेला. त्यामुळे हे वाचणाऱ्यांत सेफ्टी ऑफिसरांइतकेच सोसायटीचे सेक्रेटरी आणि मेंटेनन्सची माणसंही असावीत असं मला मनापासून वाटतं. टाकी साफ करायला माणूस बोलावण्याचा निर्णय त्यांच्याच सहीने होतो.

चार आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

नेहमीच्या हातातल्या डिटेक्टरमध्ये चार सेन्सर असतात: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. यातला हायड्रोजन सल्फाइड एसटीपी आणि गटारात सगळ्यात घातक. कुजक्या अंड्याचा वास येतो तो हाच. एक पीपीएमपेक्षा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षा, कमी असतानाही नाकाला तो कळतो, आणि इथेच माणूस फसतो. प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास गेला, म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. आणखी चढला, पाचशे-सातशेच्या पुढे गेला, तर थोड्याच वेळात शुद्ध हरपते. कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात याची मर्यादा आठ तासांसाठी सरासरी १० पीपीएम आणि थोड्या वेळासाठी १५ पीपीएम अशी दिली होती. बहुतेक डिटेक्टरांचे दोन अलार्म याच आकड्यांवर लावलेले असतात.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. जनरेटर, डिझेल पंप, बंद जागेतलं कुठलंही जळण यातून तो येतो.

ज्वलनशील वायूचा आकडा सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जातो. तिथे टक्के दिसतात, पण ते हवेतल्या गॅसचे टक्के नसतात. हवेत मिथेन साधारण ५ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. ही त्याची स्फोटाची खालची मर्यादा, म्हणजे एलईएल. स्क्रीनवर दिसतं ते या मर्यादेचं प्रमाण. १० दिसले तर मर्यादेचा दहावा भाग, म्हणजे हवेत अर्धा टक्का मिथेन, म्हणजेच ५००० पीपीएम.

आता याचा परिणाम बघा. हायड्रोजन सल्फाइडही जळतो. त्याची एलईएल साधारण ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम. एलईएलच्या खिडकीत १ हा आकडा यायला तो ४०० पीपीएम असावा लागेल, आणि १०० पीपीएमलाच तो जिवाला तत्काळ धोका मानला जातो. अमोनियाचं तर विचारूच नका. त्याची एलईएल १५ टक्क्यांच्या आसपास. जिवाला तत्काळ धोका असलेली ३०० पीपीएमची पातळी म्हणजे एलईएलचा पाव टक्काही होत नाही. म्हणजे कोल्ड स्टोरेजमध्ये गळती झालेली असताना साधा चार गॅसचा डिटेक्टर शांतपणे शून्य दाखवू शकतो, आणि तो बिघडलेलाही नसतो. तिथे अमोनियाचा वेगळा सेन्सर लागतो. आपल्या जागेत कोणता वायू असू शकतो हे आधी ठरवायचं, डिटेक्टर त्यानंतर.

ऑक्सिजनच्या आकड्यात दडलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश. बाहेरून एखादा वायू शिरून ऑक्सिजन एका टक्क्याने खाली आला असेल, तर त्या वायूने जवळजवळ पाच टक्के जागा घेतलेली असते. पाच टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. अलार्म १९.५ ला वाजतो म्हणून २०.२ ला ‘चालतंय’ म्हणणं यासाठी धोक्याचं. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात याला दुसरी बाजू आहे. ३० अंश तापमानाची, वाफेने पूर्ण भरलेली हवा असेल तर त्यात चार टक्क्यांवर पाण्याची वाफच असते, आणि ऑक्सिजन खरोखरच २०.० च्या आसपास येतो. कोरड्या एसी खोलीत २०.९ ला जुळवलेला डिटेक्टर जुलैमध्ये बाहेर आणला की आकडा थोडा उतरतो तो यामुळे. उपाय सोपा आहे: डिटेक्टर बाहेरच्या मोकळ्या हवेत पाच-दहा मिनिटं ठेवा, तिथला आकडा लिहून घ्या, आणि टाकीतला आकडा त्याच्याशी ताडून बघा. बाहेर २०.३ आणि आत २०.३ असेल तर ती दमट हवा. बाहेर २०.३ आणि आत १९.८ असेल तर आत काहीतरी आहे, ते कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बंप टेस्ट आणि कॅलिब्रेशन

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. वाशीच्या बाजारात धान्य मोजणाऱ्या काट्याचं बघा. आधी रिकाम्या काट्याचा आकडा शून्यावर आणतात, मग प्रमाणित वजन ठेवून काटा तेवढंच दाखवतो का ते पाहतात, नसेल तर जुळवतात. डिटेक्टरचं कॅलिब्रेशन असंच. स्वच्छ हवेत ‘झिरो’ करायचा, मग ठरावीक प्रमाणाचा गॅस देऊन आकडा त्या प्रमाणावर आणायचा, याला ‘स्पॅन’ म्हणतात.

बंप टेस्टमध्ये काही जुळवायचं नसतं. थोडा वेळ गॅस द्यायचा आणि तीन गोष्टी बघायच्या: गॅस सेन्सरपर्यंत पोचतो का, आकडा वर चढतो का, आणि हॉर्न, दिवा, थरथर हे तिन्ही चालू होतात का. जाळी बुजलेली आहे, सेन्सर मेलाय, हॉर्नमध्ये चिखल गेलाय, हे सगळं यात सापडतं. दिवसाचं काम सुरू होण्यापूर्वी रोज एकदा बंप. डिटेक्टर पडला, भिजला किंवा गॅसच्या मोठ्या माऱ्यात सापडला, तर पुन्हा लगेच. पूर्ण कॅलिब्रेशन किती दिवसांनी करायचं ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिने. बंपमध्ये नापास झाला तर तारखेची वाट बघायची नाही, तेव्हाच करायचं.

बंप करताना नुसतं ‘वाजला’ म्हणून सोडून देऊ नका, तो किती सेकंदांत वाजला ते बघा. विषारी वायूंचे सेन्सर बहुधा इलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे आतल्या रासायनिक क्रियेवर चालणारे असतात, आणि ते साधारण दोन-तीन वर्षांत म्हातारे होतात. म्हातारा सेन्सर गॅस ओळखतो, पण सावकाश. गेल्या महिन्यात पंधरा सेकंदांत वर जाणारा आकडा आता चाळीस सेकंद घेत असेल, तर पास झाला तरी तो बदलायच्या यादीत टाका. टाकीत उतरलेल्या माणसासाठी ते पंचवीस सेकंद फार मोठे असतात.

सिलिंडरच्या लेबलवर सगळं लिहिलेलं असतं

टेस्ट गॅसचा छोटा सिलिंडर हा या कामाचा पाया. चार गॅसच्या नेहमीच्या मिश्रणात हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, मिथेन २.५ टक्के, ऑक्सिजन १८ टक्के आणि बाकी नायट्रोजन असतो. मिथेन २.५ टक्के म्हणजे एलईएलच्या निम्मा, त्यामुळे हे मिश्रण पेट घेत नाही. ऑक्सिजन १८ ठेवलेला असतो तो १९.५ चा अलार्म वाजावा म्हणून. त्याचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या पद्धतीचा ज्वलनशील वायूचा सेन्सर आत तापलेल्या मण्यावर गॅस प्रत्यक्ष जाळून मोजतो, आणि जाळायला ऑक्सिजन लागतो. नुसत्या नायट्रोजनमध्ये मिसळलेला मिथेन दिला तर आकडा कमी येतो. मग कोणी तो आकडा ताणून वर आणतो, आणि सगळं मोजमापच बिघडतं.

लेबलवर मुदतही असते. हायड्रोजन सल्फाइड, क्लोरीन, अमोनिया हे वायू धातूला आणि रबराला चिकटतात, हळूहळू कमी होतात. म्हणून यांचे सिलिंडर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांची मुदत कमी असते. मुदत संपलेल्या सिलिंडरवर २५ छापलेलं असतं, पण आत १८ उरलेले असू शकतात. अशा सिलिंडरने कॅलिब्रेशन केलं तर डिटेक्टर १८ ला २५ म्हणायला शिकतो. हा निदान लवकर ओरडेल, पण त्याच्यावरचा विश्वास उडेल, लोक त्याला बंद करून खिशात घालतील. ट्यूबसुद्धा याच कारणाने सिलिंडरसोबत आलेलीच वापरायची. साध्या रबराची किंवा मत्स्यालयाची नळी जोडली तर वायू वाटेतच शोषला जातो.

आणखी एक बारीक जागा. मिथेनची एलईएल काही मानकांत ५ टक्के धरतात, काहींत ४.४. त्यामुळे २.५ टक्के मिथेन एका डिटेक्टरसाठी ५० असतो तर दुसऱ्यासाठी ५७. डिटेक्टरमध्ये भरलेला आकडा आणि सिलिंडरवरचा आकडा एकाच हिशेबाने आहेत का हे कॅलिब्रेशनपूर्वी बघितलंच पाहिजे. सिलिंडरचा पुरवठादार बदलला की हे हमखास चुकतं.

खर्चाची चिंता असेल तर हिशेब करून बघा. ५८ लिटरचा सिलिंडर, रेग्युलेटरचा प्रवाह मिनिटाला अर्धा लिटर. म्हणजे ११६ मिनिटं गॅस. एका बंपला मिनिटभर धरलं तरी शंभरावर बंप एका सिलिंडरमध्ये होतात.

प्रत्यक्ष करताना

जागा आधी. झिरो स्वच्छ हवेतच करायचा, आणि ‘स्वच्छ’ म्हणजे वास न येणारी एवढंच पुरत नाही. समजा महापे रोडवर गेटबाहेर डिझेलचा ट्रक चालू उभा आहे आणि तिथल्या हवेत २० पीपीएम कार्बन मोनॉक्साइड आहे. तिथे झिरो केला की डिटेक्टर त्या २० ला शून्य मानतो. आता त्याचा ३५ चा अलार्म वाजेल तेव्हा खरं प्रमाण ५५ असेल. असा डिटेक्टर चांगल्या हवेत नेला की उणे आकडा दाखवतो. उणे आकडा कधीही दिसला तर झिरो चुकीच्या जागी झालाय एवढं ओळखा. तळघर, पार्किंग, जनरेटर रूम, बॅटरी रूम आणि एसटीपीच्या पायऱ्या या जागा झिरोसाठी नाहीत. गच्चीवर किंवा वाऱ्याच्या बाजूला मोकळ्यावर जा. कारखान्यात चारी बाजूंनी धूर असेल तर ‘झिरो एअर’चा वेगळा सिलिंडर मिळतो, तो वापरा.

डिटेक्टर चालू केल्यावर त्याला गरम व्हायला, स्थिर व्हायला पुस्तिकेत दिलेला वेळ द्या. मग सिलिंडरची नळी जोडायची कॅप सेन्सरवर घट्ट बसवा. पंप नसलेल्या डिटेक्टरला ठरावीक प्रवाहाचा रेग्युलेटर चालतो. आतमध्ये पंप असलेला डिटेक्टर स्वतःच हवा ओढतो, त्याला मागेल तेवढाच गॅस देणारा रेग्युलेटर लागतो. नाहीतर पंप बाजूची हवा ओढून मिश्रण पातळ करतो, किंवा जास्त दाबाने पंपावर ताण येतो.

टेस्ट गॅस थोडा असला तरी तो विषारी गॅसच आहे. २५ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड हा थोड्या वेळाच्या मर्यादेच्याही वर आहे. एका डिटेक्टरचा बंप मोकळ्या हवेत केला तर काही होत नाही. पण शिफ्ट सुरू होताना बंद केबिनमध्ये ओळीने दहा-बारा डिटेक्टर तपासले तर तो साठतो. खिडकी उघडी ठेवा, बाहेर टाकायच्या गॅसला नळी लावून ती बाहेर सोडा, आणि गॅस येतोय का हे बघायला नाक जवळ नेऊ नका. क्लोरीनच्या बाबतीत तर हे अजिबात नको. सिलिंडर उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नये. काम झालं की रेग्युलेटर काढून ठेवायचा, नाहीतर तो रात्रभर बारीक गळत राहतो आणि सकाळी सिलिंडर रिकामा सापडतो.

गॅस काढल्यावर आकडे परत शून्याजवळ येईपर्यंत थांबा. मग नोंद. नोंदीत तारीख, डिटेक्टरचा सीरियल नंबर, सिलिंडरचा लॉट नंबर आणि मुदत असतेच. मी ज्याचा आग्रह धरतो तो रकाना बहुतेक रजिस्टरांत नसतोच: जुळवण्याआधी डिटेक्टरने किती दाखवलं. २५ चा गॅस दिल्यावर त्याने १२ दाखवले आणि मग आपण जुळवून २५ केले, तर आज तो ठीक झाला, पण मागच्या कॅलिब्रेशनपासून आजपर्यंतची त्याची सगळी मोजमापं संशयास्पद ठरतात. ज्या टाक्यांत उतरण्याचे परमिट त्या काळात दिले, ते तपासायला हवेत. नुसता जुळवल्यानंतरचा आकडा लिहिणाऱ्या प्रमाणपत्रात ही माहिती पुसली जाते. कॅलिब्रेशन बाहेरच्या लॅबकडून करून घेत असाल तर दोन्ही आकडे मागा, आणि प्रयोगशाळांना मिळणारी एनएबीएल मान्यता तिला या कामासाठी आहे का हेही बघा.

लायटर का नको

डिटेक्टरसमोर सिगारेटचा लायटर न पेटवता दाबायचा, आकडा उडाला की ‘चालू आहे’ म्हणायचं, ही सवय साइटवर खोलवर रुजलेली आहे. ती मोडायलाच हवी. लायटरमधून येतो तो जवळजवळ शुद्ध ब्यूटेन. त्याचं प्रमाण किती ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून आकडा बरोबर आला का हे कळत नाही. इतक्या माऱ्याने मण्याच्या सेन्सरला इजा होऊ शकते. त्यात हायड्रोजन सल्फाइड नसतो, म्हणजे ज्या सेन्सरवर एसटीपीत जीव अवलंबून आहे त्याची तपासणी झालेलीच नसते. आणि ज्वलनशील जागेत खिशात लायटर नेणं हाच गुन्हा धरला पाहिजे.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळं आहे. मण्याचा सेन्सर सिलिकॉनने विषबाधित होतो. सिलिकॉनचा स्प्रे, सीलंट, डॅशबोर्डची पॉलिश, काही हँड क्रीम, यांची वाफ मण्यावर थर धरते. असा सेन्सर सगळ्यात आधी मिथेन ओळखणं सोडतो, कारण मिथेन जाळायला सगळ्यात कठीण. ब्यूटेन मात्र त्याला अजून कळत असतो. म्हणजे लायटरला झोकात वाजणारा डिटेक्टर गटारातल्या मिथेनपुढे मुका राहू शकतो. टेस्ट गॅस मिथेनचाच घ्यायचा तो यासाठी. मार्कर पेन, पेट्रोलचं फडकं, गाडीचा धूर आणि सॅनिटायझर यांनाही हेच लागू. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने तर कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सरही उगाच वर उडतो, म्हणून हाताला लावून लगेच डिटेक्टर हाताळू नका.

टीटीसीत जिथे सॉल्व्हंट वापरतात तिथल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. मिथेनवर जुळवलेला मण्याचा सेन्सर टोल्युइन किंवा पेंटेनसारख्या जड बाष्पाला साधारण निम्माच आकडा दाखवतो. स्क्रीनवर १० असतील तेव्हा प्रत्यक्षात २० असू शकतात. नेमका गुणक उत्पादकाच्या तक्त्यात असतो. आणि गॅसचं प्रमाण स्फोटाच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे गेलं, तर जाळायला ऑक्सिजनच उरत नाही आणि मण्याचा आकडा उलट खाली येतो. आकडा झर्रकन वर जाऊन पुन्हा शून्याकडे आला तर तिथून बाहेर पडायचं. ती सुटका नसते.

भिंतीवरचे डिटेक्टर

कारखान्यातल्या स्थिर डिटेक्टरना गॅस देण्यापूर्वी कंट्रोल रूमला कळवून अलार्मचं इंटरलॉक, म्हणजे अलार्म होताच प्लांट आपोआप थांबवणारी जोडणी, तेवढ्यापुरतं बायपास करावं लागतं, नाहीतर एका टेस्टने आख्खा प्लांट बंद पडतो, पंखे सुरू होतात, लोक असेंब्ली पॉइंटकडे धावतात. असे दोन-तीन फुकटचे गोंधळ झाले की खऱ्या अलार्मला कोणी हलत नाही. बायपास परमिटवर लिहून घ्यायचा आणि काम झाल्यावर काढल्याची सही वेगळी घ्यायची. विसरलेला बायपास म्हणजे नसलेला डिटेक्टर. ज्वलनशील क्षेत्रात वीज चालू असताना सेन्सरचं झाकण उघडायचं नाही.

टाकीजवळ

बंप झालेला डिटेक्टर हातात आला की टाकीची हवा तपासायची ती बाहेर उभं राहून, पंप आणि नळीने. आधी नळीचं टोक बोटाने दाबा. पंपाने अडथळ्याचा अलार्म दिला पाहिजे. नाही दिला तर नळी कुठेतरी फुटलेली आहे आणि तुम्ही वरचीच हवा ओढताय. मग वर, मध्ये, तळाशी असं तिन्ही ठिकाणी मोजा. मिथेन हलका, वर साठतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा किंचित जड, खाली रेंगाळतो. नळी जितकी लांब तितका हवा यायला वेळ, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आकडा पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबा.

आणि हे एकदा करून संपत नाही. तळाशी बसलेल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असतो. वरून हवा स्वच्छ दिसते, माणूस उतरतो, गाळात पाय किंवा फावडं पडतं आणि गॅस एकदम सुटतो. म्हणून काम चालू असेपर्यंत आतल्या माणसाच्या छातीवर, नाकाजवळ, डिटेक्टर चालू हवा, आणि वर एक माणूस दोर धरून हवा.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ मध्ये हे फार स्पष्ट लिहिलं होतं: सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय बंद जागेत माणूस जाणार नाही, किंवा गेला तर श्वसनयंत्र आणि दोराला बांधलेला पट्टा घालून जाईल. ‘स्वतः चाचणी करून’ हे तीन शब्द मला त्यात सगळ्यात मोलाचे वाटतात. गटारं आणि सेप्टिक टँकसाठी २०१३ चा कायदा आहे. त्याखाली माणसाकडून धोकादायक सफाई करून घेणं गुन्हा आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई किमान ३० लाख रुपये ठरवली. त्यामुळे सोसायटीच्या कमिटीने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की मशीनने होणाऱ्या कामासाठी माणूस उतरवायचाच कशाला. खरोखर पर्याय नसेल, तर ठेकेदाराला डिटेक्टर आहे का असं विचारू नका. ‘आज सकाळी बंप आमच्यासमोर करून दाखवा’ असं सांगा. त्याच्याकडे सिलिंडर नसेल तर काम त्या दिवशी होत नाही. सिलिंडर असेल तर मुदत बघा, आणि प्रमाणपत्रावरचा सीरियल नंबर डिटेक्टरच्या पाठीवरच्या नंबराशी जुळतो का बघा.

कोणी आत कोसळला तर त्याला काढायला दुसरा माणूस तसाच उतरतो आणि तोही जातो, हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. आतल्याला दोराने वर ओढता येईल अशी तयारी आधीच हवी. नसेल तर अग्निशमन दलाला, १०१ ला, फोन. श्वसनयंत्राशिवाय कोणीही आत नाही, सख्खा भाऊ असला तरी.

घरातला अलार्म

स्वयंपाकघरातल्या गॅस अलार्मलाही हेच तत्त्व लागू होतं. त्यावरचं टेस्ट बटण बहुतेक वेळा फक्त भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. पाठीवर छापलेली मुदत संपली की भोंगा जोरात वाजत असला तरी तो बदला. आणि ठाणे-नवी मुंबईत हजारो घरांनी सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतला, त्यांनी अलार्म कुठे लावलाय ते आज बघा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. पाइपमधला नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळपास निम्मा हलका, तो छताकडे जातो. जुना अलार्म ओट्याखाली तसाच राहिला असेल तर तो मिथेनसाठी बनलेला आहे का हे त्याच्या लेबलवर तपासा. असेल तर छतापासून वीतभर खाली, पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर लावा. नसेल तर नवा घ्या.